ड्रायव्हर तल्लीन कसा?

तीर्थस्वरूप आत्येस,

तुझ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार (डेपोच्या कचेरीत आडवं पडायला जागा नाही, तेव्हा मनातल्या मनात). गुडघा काय म्हणतो? काका अजून रेडिओवरच्या बातम्यांशी भांडतात का? इकडे सगळं खुशाल आहे, म्हणजे आज दुपारपासून आहे. त्याआधी परवापासून मला पळता भुई थोडी झाली होती, आणि तीही एका शब्दापायी. तू जन्मभर पोरांना भाषा शिकवलीस, म्हणून हे तुलाच सांगायला हवं. पाणी पिऊन बैस.

आमच्या डेपोत एक जुने ड्रायव्हर आहेत. सगळे त्यांना ब्रेकमामा म्हणतात (मांडीवरचं बाळ जागं होणार नाही असा ब्रेक दाबतात म्हणून). उभ्या नोकरीत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नाही. त्यांची मुलगी त्याच गाडीवर कंडक्टर आहे, पण तिच्याविषयी मी काही लिहिणार नाही, कारण या पत्राचा विषय भाषा आहे. तर ब्रेकमामांचा सत्कार ठरला आणि मानपत्र लिहायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं. आत्या, मी जीव ओतला गं त्यात! त्यातलं सर्वांत झोकदार वाक्य असं: ‘गाडी चालवताना ते इतके तल्लीन होतात की त्यांना आजूबाजूचं भान राहत नाही.’

साहेबांनी ते भर सभेत, माइकवरून, ठणठणीत आवाजात वाचलं. टाळ्यांसाठी थांबले. टाळी एकही नाही. पहिल्या रांगेतल्या एक आजीबाई, ज्या वर्षानुवर्षं याच गाडीनं दवाखान्यात जातात, त्या काठी टेकत उठल्या आणि म्हणाल्या, “अगबाई! म्हणजे मी इतके दिवस कुणाच्या भरवशावर बसत होते?”

झालं! सभेत खसखस पिकली, आणि ब्रेकमामा लालबुंद. त्यांनी साहेबांच्या हातून माइक घेतला. “भान राहत नाही? माझं? कुणी लिहिलंय हे?” साहेबांनी अत्यंत तत्परतेनं माझ्याकडे बोट दाखवलं. (वरिष्ठ असावेत तर असे.)

मग काय, जो तो भाषापंडित. मेकॅनिक म्हणाला, ‘गुंग’ लिहा. ब्रेकमामा म्हणाले, मी काय गुंगीच्या गोळ्या खाऊन बसतो? स्टोअरकीपरनं ‘मग्न’ सुचवला. त्यावर साहेबांना आठवलं की मग्न म्हणजे बुडालेला, आणि ही गाडी तर रोज पुलावरून जाते. ‘गर्क’ म्हणजेही बुडालेलाच निघाला. ‘दंग’ शब्द आजीबाईंना दंगलीसारखा वाटला. टेलिफोनवाल्या बाईंनी भाबडेपणानं ‘तंद्री’ म्हटलं तेव्हा तर ब्रेकमामांनी मानपत्राची सुरळी टेबलावर आपटली आणि मला म्हणाले, “परवा सकाळी माझ्या गाडीत ये. पुढच्या सीटवर बस. मी काय होतो ते डोळ्यांनी बघ आणि मग शब्द काढ.”

ती परवाची सकाळ म्हणजे आजची. आत्या, काय सांगू! मी त्या माणसाला गाडी चालवताना पहिल्यांदाच पाहिलं. हात स्टिअरिंगवर स्थिर, पण नजर? आरसा, सायकलवाला, कडेला फोनवर बोलत गाडीकडे पाठ करून चालणारी बाई, पुन्हा आरसा. दोन मोटारींच्या मधून एक चेंडू टप्पा खात आला, आणि चेंडूमागचं पोर मला दिसायच्या आत गाडी उभी! धक्का नाही, आवाज नाही. पोर आलं, चेंडू उचलला, गेलं. मी सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली. मामांनी नुसता गिअर टाकला.

शेवटच्या स्टॉपला गाडी रिकामी झाल्यावर ते वळले. “हं. बोल आता.”

मी म्हणालो, “मामा, तल्लीन हाच शब्द बरोबर आहे. तत् अधिक लीन, म्हणजे ‘त्यात’ विरघळलेला. तुमचं ‘ते’ म्हणजे रस्ता, आणि रस्त्यावरचे सगळे त्यात आले. तुम्हाला स्वतःचं भान नसतं, त्यांचं असतं. मी शब्द चुकलो नाही, त्यापुढचं चुकलो.”

ते काचेकडे वळले. मग पुटपुटले, “ते पोर धाकट्या नातवाएवढं होतं.” आणि माझ्याकडे बघून, “मग ते भान न राहणं कुठून आणलंस?”

तेवढ्यात मागून तिकिटांचं मशीन बंद करत मुलगी म्हणाली, “बाबा, हा रोज आपली गाडी सुटताना कचेरीच्या खिडकीत उभा असतो. काल साहेब मागून तीनदा हाका मारत होते. ते वाक्य त्यानं स्वतःवरून लिहिलंय.”

आत्या, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं! पण मामा हसले. खो खो हसले. म्हणाले, “तुझ्याकडचं मोठं माणूस कोण? रविवारी घेऊन ये घरी.” तेव्हापासून मी जमिनीवर नाही!

तुझा,
(तल्लीन) भाचा

ता. क. मोठं माणूस म्हणून तुझं नाव सांगितलंय. रविवारी यायचंच.

ता. क. २. आमच्या बाबांना यातलं काहीएक ठाऊक नाही. ते तूच सांग. तुझ्यापुढे त्यांचा आवाज चढत नाही.

ता. क. ३. पत्र तिला वाचून दाखवलं. म्हणाली, छान आहे, पण यात मला कुणी विचारल्याचं कुठे दिसत नाही. मी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं. खरंच गं, कुणीच विचारलेलं नाही! ती स्टँडवर आहे, गाडी सुटायला अवकाश आहे. आधी विचारून येतो, मगच पत्र पेटीत टाकीन. तेव्हा हे तुझ्या हातात पडलं असेल, तर लाग तयारीला!