ठिबकणाऱ्या माठाची खोली

सर, तुम्ही दुष्ट होता, हे आधी लिहून टाकते. वास्तुकलेच्या वर्गात माझा नकाशा सगळ्यांपुढे धरून "हे घर हाये का गोडाऊन वं?" असं विचारायचात आणि पोरं खी खी करायची. म्हणून वाडीकडच्या मतिमंद मुलांच्या शाळेत बिथरलेलं पोर निवेल अशी एक खोली करायचं काम आम्हा चौघांवर आलं, तेव्हा मी ठरवलं, आता या माणसाचं तोंड बंद करायचंच. डोळे, कान, नाक, तळपाय, सगळ्यांना शांत वाटलं पाहिजे, असं तुम्ही बजावलं होतं. बाकीच्या तिघांनी रेती चाळून अंथरली, जुन्या लुगड्यांचे पडदे शिवले. माझी कल्पना पाण्याची. खिडकीला वाळ्याच्या ताट्या, वर टांगलेला माठ, आणि टप टप पडणारं पाणी. नागपूरच्या एप्रिलात याहून थंड काय असणार?

आदल्या दिवशी शाळेची आयाबाई मला बाजूला घेते. एका नऊ वर्षांच्या पोरीबद्दल सांगते, "थे पान्याले लय भेते वं बाई. घरी तिले गप्प कराले डोक्शावर बादली वतत होते. माठ काहाडा." मी हो हो म्हणते. माठ काढला तर माझं उरतं काय? रेती आणि लुगडी!

दुसऱ्या दिवशी पहिली तीच पोरगी आत गेली. थेंब ऐकला आणि भिंतीला चिकटून, डोक्यावर हात घेऊन किंचाळायला लागली. मुतली बिचारी. स्वतःचा हात चावून रक्त काढलं तिनं. आम्ही चौघं दगडासारखे उभे. तुम्ही धावलात, तिला उचलून बाहेर आणलंत, तुमचा सदरा ओला झाला तरी सोडलं नाहीत. मग आमच्यावर फिरलात. "आयाबाईले विचारलं होतं का कोणी?"

"विचारलं होतं सर. त्या काही बोलल्याच नाहीत."

हे मी बोलले. जराही न अडखळता.

"तुले तोंड नाही काय वं?" तुम्ही आयाबाईवर ओरडलात. ती माझ्याकडे बघत राहिली. शिकलेल्या पोरीपुढे आयाबाईचं कोण ऐकणार, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. आठवड्यात तिला कामावरून काढलं, तुमच्याच तक्रारीवरून. आणि तुम्ही मला पहिल्यांदा चांगलं म्हणालात, विचारायची अक्कल हिला एकटीला आहे म्हणून. मी ते ऐकून खूश झाले सर. खरंच झाले.

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. हे पत्र कुठे टाकणार? खरं तर लिहायला हवं होतं त्या आयाबाईला. ती शहराबाहेर बेसाला लेकीकडे राहते, अजून आहे, असं ऐकलंय. पण ती उत्तर देऊ शकते. म्हणून तुम्हाला लिहिलं.