तळाची ओळ

४ मार्च, सोमवार
पुन्हा तेच. ताईच्या टेबलावरच्या संगणकातून रक्त तपासणीच्या नोंदी गायब. ती भरते, पुढे जाते — आणि नोंद झालेलीच नसते. मग पेशंटला परत बोलावून सुई टोचायची, आणि बोलणी खायची ताईने. धूड जुनंच आहे — काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउसचा पत्ता नाही. प्रयोगशाळेच्या मॅडम मला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला जमत नसेल तर बाहेर टोकन वाटायला बसवू." जमत नसेल म्हणे! अख्खी प्रयोगशाळा तिच्याकडून शिकली. इथली यंत्रं मी दुरुस्त करतो. बिघाड यंत्रातच आहे, दाखवतोच.

५ मार्च
केबल बदलली. ढिम्म फरक नाही.

६ मार्च
मेमरी काढून पुसून बसवली. डिस्क तपासली. मी स्वतः नोंदी भरल्या — सगळ्या जागेवर. दुसऱ्या पाळीतल्या मुलीच्याही जागेवर. ताई बसली की घोळ. नुसता हात धुऊन तिच्या मागे लागलाय. जेवण जात नाही. बायको म्हणते, "ताईंनाच नीट विचारा ना एकदा." काय विचारू? टायपिंग मला तिनेच शिकवलं.

८ मार्च
ताईशेजारी स्टूल टाकून बसलो. रकाना रिकामा राहिला की पडद्याच्या अगदी तळाला ओळ येते — "नोंद अपूर्ण". आली. ताई पुढे गेली. पुन्हा आली. पुन्हा पुढे.
"अगं, खाली बघ की जरा," चिडलोच मी.
"बघतेच आहे," म्हणाली.

९ मार्च
एकच गोष्ट राहिली होती, कीबोर्ड. गेल्या महिन्यात मीच तिला नवा दिला, जुन्यावरची अक्षरं झिजली म्हणून. जुना कपाटातून काढून जोडला. रकाना चुकला तशी कीबोर्डातूनच टूं वाजली. ताईचा हात थांबला. मान न हलवता मागच्या रकान्यावर गेली, तो भरला. पुन्हा टूं, पुन्हा तसंच. नव्या कीबोर्डात हा आवाजच नाही.
सापडलं एकदाचं! मॅडमना सांगायला निघालो आणि दारातच पाय थबकले. ती ओळ ताईला दिसतच नाही. ती आवाजावर काम करते. कधीपासून, देव जाणे.

११ मार्च
आज एकही चूक नाही. मॅडम खूश — "म्हणजे यंत्रच होतं तर." मी मान डोलावली. दुपारी ताईला जिन्यात गाठलं. कठडा घट्ट धरून उतरत होती.
"कुणाला बोलू नकोस रे. टोकन वाटायला बसवतील मला."
"नाही बोलत. पण डोळे दाखवायचे."
"आता मलाही खोलून बघणार वाटतं तू," म्हणून हसली. मला हसू येईना.

१४ मार्च
डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ताईची कडेची नजर गेलीय, खालची जास्त. गेलेली परत येत नाही. उरलेली औषधाने राखता येईल. मग माझ्याकडे वळले — "सख्खे भाऊ ना? हे भावंडांत असतं. उद्या तुम्हीही या."

१५ मार्च
यंत्रात हनुवटी टेकवायची, नजर समोर ठेवून कडेला कुठेही ठिपका उजळला की बटण दाबायचं. दाबत होतो. मध्येच ठिपके यायचे बंद झाले. बराच वेळ वाट बघितली. शेवटी म्हटलं, "डॉक्टर, तुमचं यंत्र अडकलंय. बघू का मी?"
"यंत्र चालू आहे," ते म्हणाले.