पानावरची खूण

ती. आईला धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम आता माझ्या एकटीवर सोपवलंय.

तुझं ई-रीडर फुटलं ते बरंच झालं. दादाला तसलंच दुसरं आणू देऊ नकोस. त्यातल्या पुस्तकांना कुलूप असतं. विकत आपण घ्यायचं आणि किल्ली मात्र कंपनीकडे. म्हणून तर मावशीला तुझी कादंबरी देता आली नाही आणि तू आठवडाभर धुसफुसत होतीस. मी पाठवतेय ते दिसायला साधं आहे, पण त्यात कुठूनही घेतलेलं बिनकुलपाचं पुस्तक उघडतं. अक्षरं हवी तेवढी मोठी कर, मावशीलाही खुशाल दे.

एकच गोष्ट जाईल. आपलं खातं एकच होतं, त्यामुळे तू जिथवर वाचलंस तिथली खूण माझ्या फोनवर दिसायची. सकाळी ती पुढे सरकलेली बघून मी कामाला निघायचे. मागे ती दोन-तीन दिवस हलली नाही, तेव्हा दादाला 'सहज' म्हणून केलेला फोन सहज नव्हता.

नव्यात ती दिसणार नाही. तेव्हा कितव्या पानावर आहेस ते फोनवर तूच सांगत जा. न वाचता पुढचं पान सांगितलंस तरी चालेल, पण रोज सांग.

तुझीच,
धाकटी