मटार सोलताना सांगितलेलं

३ मार्च

चि. पुस्तककिड्यास, अ. उ. आ.

तू लिहिलेल्या सहाशे पानांच्या पुस्तकात एक स्वल्पविराम विसरला नाहीस म्हणे, आणि आजीला चार ओळी लिहायच्या तेवढ्या विसरतोस. मला अक्षर येत नाही, पण पत्र आलं नाही हे बरोबर कळतं. तुझी ताई लिहून घेतेय आणि हसतेय.

परवा ही कामावर असताना बिशपांच्या कचेरीतून दोन फादर आले. भारी गोड माणसं. तुमचा फादर झालेला नातू काय शिकवतो, विचारत होते. मग मी कशाला मागे राहतेय? माझं पहिलं बाळ बाप्तिस्म्याआधीच, तासाभरात गेलं. त्याला देवाघरी जागा नाही, असं सगळे मला साठ वर्षं सांगत आले. आणि तू माझ्याशेजारी मटार सोलताना म्हणालास, की डोक्यावर पाणी पडलंय का हे बघून देव लेकरू उचलत नाही. सगळं सांगितलं. त्यांनी लिहून, वाचून दाखवलं. मी झोकात अंगठा दिला. आता तुझी बढती पक्की समज.

माया आहे तेवढी पुरे, पत्रं वाढव.

तुझी आजी

१८ एप्रिल

ती. आजीस, सा. न. वि. वि.

उशीर झाला, कान धरतो. तब्येत ठीक. इथली कामं आटोपली, आता जागा बदलेल. गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तो राहू दे.

ताई, इथून पुढचं फक्त तुझ्यासाठी. बिशपांच्या चौकशीत पुस्तकावरच्या प्रत्येक आक्षेपाला माझ्याकडे उत्तर होतं. मग त्यांनी आजीचा अंगठा असलेला कागद पुढे सरकवला. आजीच्या ऐकण्यात चूक झाली एवढं लिहून द्या आणि वर्ग सुरू ठेवा, म्हणाले. पेन उचललंही. पण ते लिहिलं असतं, तर बाळाला देवाघरातून मीच बाहेर काढलं असतं. आता शिकवणं बंद, छापणं बंद, वेदीवर मिस्सा अर्पण करणंही बंद. तिला कळू देऊ नकोस.

तुझा भाऊ

९ जून

चि. शहाण्यास, अ. उ. आ.

ताई वाचायची थांबली, पण तिचे डोळे खाली उतरतच होते. तेवढं मला वाचता येतं. दटावून सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी कचेरी गाठली. म्हटलं, म्हातारीचे कान गेलेत, पोरगं असं बोललंच नव्हतं. दुसरा अंगठा घ्या. त्यांनी चहा दिला. निकालावर शिक्का बसलाय, आता काही व्हायचं नाही, म्हणाले. जिन्यात आल्यावर उमगलं, तू जे लिहून दिलं नाहीस ते मी बोलून आले. तुझं काही सावरलं नाही आणि बाळालाही माझ्या तोंडाने बाहेर काढलं.

रविवारी चर्चमध्ये बायका माझ्यापासून सरकून बसतात. ऐसपैस जागा मिळते, तेवढा फायदा. मला माती तू देणार म्हणून मी निर्धास्त होते. आता येईल तो देईल. तू सांगितलेलं खरंच आहे का रे, हे तुला पुन्हा विचारायला तोंड राहिलं नाही.

लांबच्या कुठल्याशा मठात तुला पावाच्या भट्टीवर लावलंय, असं ताईला कळलं. हात भाजून घेऊ नकोस. लोभ उरला असेल, तर असू दे. आणि तू स्वतः मळलेला एक पाव पाठव. पोचेपर्यंत शिळा होईल, होऊ दे. दुधात भिजवून खाईन.

तुझी आजी