तुमच्या गोष्टीतलं शहर

सर, आज दिवसभर मी फावड्यानं बर्फ ओढला. बाहेर वाळवंट तापलेलं आणि आत मॉलमध्ये यंत्रातून पडणारा बर्फ, त्यावर घसरायला तिकीट काढून आलेली माणसं. उकरला जाईल तिथं तो पुन्हा सारखा करायचा, एवढंच माझं काम. सुट्टीच्या दिवशीसुद्धा आम्ही पोरं मॉलमध्येच हिंडतो, काचेतून बघतो, काही घेत नाही, आणि तरी दमून खोलीवर येतो. तुमच्या गोष्टीतलं शहर असंच होतं. माणसं चष्मा लावून बसल्या जागी नसलेल्या रस्त्यांवरून फिरायची आणि तिथलं प्रत्येक दार दुकानाचं असायचं. तुमचा हिरो आईच्या चुलीची आठवण कंपनीला विकतो, आणि मग तीच आठवण दर महिन्याला भाडं भरून बघायला जातो. टाइप करताना मी हसलो होतो. म्हटलं, सर, चूल कोण विकत घेईल? तुम्ही म्हणालात, "चूल नाही रे, तिच्यापुढं बसणं विकत घेतील. बघशील तू."

नाशिक रोडला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत मी तेव्हा कामाला होतो. नववीत बाकावर उभं करून तुम्हीच म्हणाला होतात, "डोकं चालतं तुझं, पण बूड स्थिर नाही." शाळा तिथंच सुटली. मग गॅरेज, द्राक्षांचं पॅकिंग, रिक्षा, लय काय काय केलं. तुम्ही रिटायर होऊन वही घेऊन कॅफेत आलात. दिवाळी अंकाला ही विज्ञानकथा ईमेलनं पाठवायची होती. आयुष्यभर लिहिलं, एकदाही छापून आलं नाही, हे तुम्ही सहज सांगितलंत. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, तेही त्याच सुरात. मराठी टाइप करायला मला तीन आठवडे लागले. गोष्ट पाठवली त्या दिवशी तुम्ही मला घरी नेलंत. स्वयंपाकघरात काकू शेंगा उकडत होत्या. तुम्ही म्हणालात, "हे आमचे कॉम्प्युटरतज्ज्ञ." काकूंनी खुर्ची पुढं केली, बसा हो, म्हणाल्या. तोवर मला अहो-जाहो कुणी केलं नव्हतं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. तुमचं खातं मीच उघडलेलं, पासवर्ड माझ्याकडेच. संपादकांनी लिहिलं होतं, फाइल उघडली तर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतोय, एक शब्द लागत नाही. वहीची झेरॉक्स आठ दिवसांत पोस्टानं पाठवा, जागा ठेवतो. तेव्हा मराठी फॉन्टही सोबत पाठवावा लागायचा, ते मला ठाऊक नव्हतं. झेरॉक्सचं दुकान आमच्या शेजारीच होतं, सर. मी ते पत्र बंद केलं. संध्याकाळी तुम्ही काउंटरवर हात टेकून विचारलंत, "काही आलं का?"

"नाही सर. ते लोक उशिराच कळवतात."

तुम्ही रोज येता, मी रोज तेच सांगतो. आठ दिवस असेच जातात. मग तुम्ही ऑपरेशनला गेलात. अंक निघाला तेव्हा काकू कॅफेत आल्या. म्हणाल्या, दवाखान्यात सारखं विचारतात, गोष्ट कितव्या पानावर आहे. मी सांगितलं, पुढच्या वर्षी घेणार आहेत. तुम्ही ते ऐकून खूश झालात म्हणे. पंधरा दिवसांत गेलात.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की बोलणी बसतील म्हणून घाबरलो. तसं नव्हतं. तुमच्या बोलण्याची मला सवय होती. पण चूक कबूल केली असती तर काकूंनी पुढं केलेल्या त्या खुर्चीवरून उठावं लागलं असतं.

हे पत्र टाकणार तरी कुठं? तुमच्या घराला कुलूप आहे, काकू मुलीकडे गेल्या. वहीचं काय झालं माहीत नाही, पण गोष्ट मला पाठ आहे. खोलीतल्या पोरांना मी ती सांगतो, सगळे मोबाइल बाजूला ठेवून ऐकतात. परवा एकानं विचारलं, कुणी लिहिलीय ही? मी म्हटलं, मी.