पिठाच्या डब्यावरची चोरचोळी

शिवांजली,

तू उठायच्या आत मी पहिल्या यष्टीनं जतला चाललेय, येसूआत्याकडं; दवाखाना तिनंच गाठून दिला हुता. आज सीमेपल्याडच्या त्या दवाखान्यात जायचं न्हाई. गाडीवाल्याला येऊ नको म्हनून सांगितलंय. आत्याला फोनवरच सांगितलं असतं, पर ती गोड बोलून मला परत वळवंल. माझा मलाच भरवसा न्हाई. तोंडावर सांगून येते.

पोटात काय हाय ते बघायचं आन् पोरगी असली तर पाडायचं, हे मीच बोलले हुते. तू नुसती खाली मान घातलीस, त्यालाच मी होकार धरलं. यशराजला तिकडं पलटणीत कशाला कळवायचं, असंबी मीच म्हनले.

काल भाकरी थापताना आपली मनू जवळ बसली हुती. म्हनली, "आजी, मी आईच्या पोटात असताना मलाबी दाखवाय न्हेलं हुतं व्हय?" तव्यावरची भाकरी करपली.

तिसऱ्या महिन्यात सासूनं सुनंला चोरचोळी करायची असती. मी आधी गाडी ठरवली. हिरवं लुगडं आन् खण पिठाच्या डब्यावर हाय. लेक असू दे न्हाईतर ल्योक, आपल्याच घरचा जीव हाय त्यो.

कळशी उचलू नको, पानी भरून ठेवलंय.

चोरचोळी गुपचूप द्यायची रीत हाय खरी. पर मी रीत म्हनून ठेवून गेले न्हाई. तुज्या हातात द्यायला मला तोंड न्हाई.