सातवं द्रव्य

११ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. तुमच्या अंगणातल्या झाडाची साल फडक्यात, फडकं वर्तमानपत्रात आणि वर्तमानपत्र तुझ्या जुन्या उशीच्या अभ्र्यात! आत बाळ आहे का, असं प्रयोगशाळेत सगळे विचारत होते.

तर बातमी अशी. साल वाळवली, दळली आणि मिथेनॉल नावाच्या स्पिरिटमध्ये उकळली. तो अर्क पांढरी पूड भरलेल्या उंच काचनळीतून हळूहळू उतरवला, की त्यातली द्रव्यं आपापल्या चालीने वेगळी होऊन खाली येतात. सहा आली, सगळी जुनी, ओळखीची. आणि मग सातवं आलं, मावशी! कुठल्याच पुस्तकात नाही असं. पण नखावर मावेल एवढंच. त्याची रचना पक्की करायला पुष्कळ साल हवी, तीही खोडाची. उन्हाळा संपायच्या आत निकाल दाखवला नाही, तर माझी इथली जागा जाईल, असं आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी स्पष्टच सांगितलंय.

तू एक पट्टी काढतेस आणि ती जखम भरून येईपर्यंत झाडाला हात लावत नाहीस, हे मला ठाऊक आहे. एवढ्या वेळी थांबू नकोस. काकांना सांग, पोटासाठी रोज घ्यावा लागणारा तो कडू काढा उद्या गोळीत मिळेल. ते झाडाला म्हणतात ना, तेच नाव मी सातव्याला देणार आहे: मास्तरीण!

तुझीच लाडावलेली भाची,
खारूताई

२९ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

दोन पोती रवाना केली आहेत. अभ्रे संपले. तुझ्या लोकांना सांग, बाळ आता मोठं झालंय.

खरं सांगते, माझा हात धजेना. शेजारच्या सुताराला बोलावलं. त्याने खोडाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, की चहूबाजूंनी सोलायचं ना, मग मागाहून मला बोल लावू नका. मी आत निघून गेले. तुझ्या काकांनीच मागच्या अंगणात खुर्ची टाकून सगळं करवून घेतलं. म्हणाले, पोरगी कधी नव्हे ते मागते आहे, देऊन टाक. तोवर माझं पोट डब्यात साठवलेल्या सालीवर निभावेल, असंही म्हणाले. दवाखान्यातली औषधं त्यांना सोसत नाहीत, तुला माहीतच आहे. तो काढा पोटात गेला तरच माणूस धड जेवायला बसतो.

सोललेलं खोड पाहवत नाही. ओलं, पांढरंफटक. मी मागचं दार लावूनच घेते. असो. तुझं काम होऊ दे. वेळेवर जेवतेस ना? केस तरी विंचरतेस का?

तुझी काळजी करणारी,
मावशी

६ जून

ती. मावशीस,
सा. न.

हे पत्र लिहून लिहून फाडलं.

सातवं द्रव्य झाडात नव्हतंच. बाईंनी त्याची रचना पाहिली आणि विचारलं, की साल मिथेनॉल सोडून आणखी कशात घालून पाहिलीस का. नव्हती पाहिली. उरलेली मूठभर साल ॲसिटोनमध्ये भिजवली. सहाच आली. उकळताना मिथेनॉल त्या सहांतल्याच एका आम्लाला जाऊन जोडलं गेलं आणि सातवं तयार झालं. म्हणजे ते मीच केलं, माझ्याच शेगडीवर. हा ताळा आधी करायचा असतो. नव्या मुलांना मीच तो शिकवते. पहिल्या पार्सलातल्या चिमूटभर सालीवर भागलं असतं, मावशी.

जागा मात्र टिकली. चूक लपवली नाही म्हणून बाईंनी पाठ थोपटली. मला त्यांच्याकडे बघवेना.

मास्तरीण कशी आहे? फुटवा आला का? मी येऊ का? काकांना माझ्या तोंडून सांगते.

तुझीच,
खारूताई

२० जून

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

फुटवा नाही. पानं केव्हाच गळली. सुताराने फांदी मोडून दाखवली, आतून खडखडीत. डब्यातली सालही संपली. तुझे काका मऊ भातावर आहेत आणि दिवसचा दिवस पोटाशी उशी धरून कुशीवर पडलेले असतात.

पण कुरकुर नाही. दूधवाला, पोस्टमन, डॉक्टर, सगळ्यांना सांगून झालंय, की आमच्या झाडाची गोळी निघतेय. परवा जोराची कळ आली तेव्हाही हसून म्हणाले, आता थोडेच दिवस. तुझं पत्र आलं तेव्हा डोळे मिटूनच म्हणाले, वाच मोठ्याने. मी वाचलं. काम उत्तम चाललंय, नाव मास्तरीणच ठेवलंय, काकांना नमस्कार. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या शाळेत मोठ्याने वाचण्याबद्दल मला बक्षिसं मिळायची. ती अशी कामी आली.

तुझी जागा टिकली, बरं झालं. हे मनापासून म्हणायचा प्रयत्न करते आहे.

येऊ नकोस. तुझा चेहरा उंबऱ्यातच सगळं सांगून टाकेल, आणि मग त्यांच्याजवळ नुसतं दुखणं उरेल. पत्रं मात्र पाठवत जा, गोळीचं काम कुठवर आलं ते लिहीत जा. जरा बेतानं, पटेल असं लिही. यापुढची पत्रं चष्मा लावून स्वतः वाचणार, असं म्हणालेत.

माझी माया आहे तिथेच आहे. सध्या तिच्याकडे काही मागू नकोस.

मावशी

ता. क. गोळीचा रंग कोणता असेल, ते कळव. ते विचारत होते.